हात शाबूत आहे

नम्रताने 'किरकोळ' हा शब्द दोनदा वाचला. पहिल्यांदा तो तिच्या तोंडात गोळा झाला, म्हणून साईनाथने तिला थांबवलं. "सुटं वाच. किर, कोळ. वाचनस्पर्धेला उभी राहशील तेव्हा परीक्षक हेच बघतात." मग ती पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली, आठ वर्षांच्या मुलीच्या ताठ, उंच आवाजात. "जांभूळशेत येथे पूर्ववैमनस्यातून दोन गटांत झालेल्या हाणामारीत पाच जण किरकोळ जखमी झाले. जखमींवर प्राथमिक आरोग्य केंद्रात उपचार करून त्यांना घरी सोडण्यात आले. गावात आता शांतता आहे. वार्ताहर, मुरबाड." शेवटचे दोन शब्द ती नेहमीच मोठ्याने म्हणायची, कारण ते दोन शब्द म्हणजे तिचे बाबा. शकू स्टोव्हसमोर तांदळाची भाकरी थापत होती. तिचे हात परातीत थांबले. ओलं, कोमट, मऊ पीठ बोटांच्या मधून वर आलं आणि एकदम तिला ते पीठ वाटेना. परवा दुपारी याच बोटांनी तिने गोजाबाईच्या मनगटाच्या जखमेच्या कडा जुळवून धरल्या होत्या, डॉक्टरांना टाका घालता यावा म्हणून. आतलं काही पांढरं, दोरीसारखं, तुटून मागे सरकलेलं तिने पाहिलं होतं. तव्यावरच्या भाकरीला काळा डाग पडला, करपल्याचा वास सुटला, आणि नम्रता म्हणाली, "आई, जळतंय."

शकू नऊ वर्षं सोनटेंभ्याच्या आरोग्य केंद्रात नर्स होती. मुरबाडला एसटी स्टँडच्या मागे त्यांच्या दोन खोल्या होत्या. सकाळी जीपने जायचं, संध्याकाळी जीपने यायचं. साईनाथ ठाण्याच्या एका दैनिकाचा तालुक्याचा वार्ताहर होता. कार्बन घालून दोन प्रती लिहायचा, वरची प्रत पाकिटात घालून दुपारच्या कल्याण गाडीच्या कंडक्टरकडे द्यायचा, खालची स्वतःच्या फायलीत ठेवायचा. अक्षर मोत्यासारखं होतं. लग्न ठरलं तेव्हा त्याने पाठवलेल्या पत्रातलं ते अक्षर बघून शकूच्या वडिलांनी सगळ्या आळीला ते पत्र दाखवलं होतं. तिलाही त्या अक्षराचा अभिमान होता. परवा संध्याकाळी घरी आल्यावर तिने चपलाही काढल्या नव्हत्या; उंबऱ्यातच बसून तिने त्याला सगळं सांगितलं, आणि त्याने वही उघडून एकेक गोष्ट नीट विचारून घेतली. किती जण? कुणाला कुठे लागलं? टाके किती? कशाने मारलं? ती सांगत गेली. पाच जण. गोजाबाईच्या उजव्या मनगटावर कोयत्याचा वार, चौदा टाके, बोटं हलत नाहीत. तिचा मुलगा महादू, बरगड्या. बाकी तिघांची डोकी फुटलेली. तो "हं, पुढे" म्हणत लिहीत होता, आणि तिला मनात कुठेतरी, इतक्या रक्तानंतरही, बरं वाटत होतं की आपण दोघं एकाच कामाची दोन माणसं आहोत. मी बघते, हा लिहितो. 

नम्रता दप्तर घेऊन गेल्यावर तिने विचारलं, "हे तुमी लिवलंत?" साईनाथ दाढी करत होता. आरशातूनच म्हणाला, "मी सगळं लिहिलेलं. ठाण्याला कापतात. तिथला माणूस काय जांभूळशेतला येऊन बघतो?" "किरकोळ कुणी घातलं?" "अगो, त्यांची भाषा असते ती. जीव गेला नाय तर किरकोळच म्हणतात." त्याने गालावरचा फेस पुसला. तो शांत होता, आणि त्याचा हा शांतपणा इतकी वर्षं तिला चांगुलपणाच वाटत आला होता. तो स्टँडवर गेल्यावर तिने फाईल काढली. वरचाच कागद. कार्बनच्या निळ्या, जराशा पसरलेल्या अक्षरात तीच बातमी, तेवढीच, शब्दाला शब्द. फक्त एका ठिकाणी 'गंभीर' लिहून त्यावर एकच सरळ रेघ मारली होती आणि वर तेवढ्याच सुबक अक्षरात 'किरकोळ' लिहिलं होतं. 'गावात आता शांतता आहे' याच्यात खाडाखोड नव्हती. ते एका दमात लिहिलेलं होतं. तिचं बोट कागदावर फिरलं आणि निळं झालं. तिने ते साबणाने धुतलं, मग पुन्हा धुतलं, आणि तशीच उपाशी जीपकडे गेली.

जीपमध्ये तिच्यासमोर दोन बायका भाजीचे हारे घेऊन धसईहून परतत होत्या आणि त्यांचं बोलणं जांभूळशेतचंच होतं. कोण म्हणे बुद्धवाडीवाल्यांनीच आधी दगड मारले. कोण म्हणे त्यांनीच स्वतःची गंजी पेटवली. शकूला सगळं ठाऊक होतं, कारण जांभूळशेत हे साईनाथचंच गाव. दिवाळीनंतर महादूची बायको रत्नप्रभा अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली. दहावी शिकलेली, नेटकी बाई. पोरांची खिचडी तिने शिजवायची होती. पहिल्या दिवशी चाळीस पोरांपैकी नऊ पोरं आली, सगळी बुद्धवाडीची. आठव्या दिवशी कुणीतरी शिजलेल्या पातेल्यात माती टाकली. मग गिरणीवाल्याने त्यांचं दळण घेणं बंद केलं, जीपवाल्यांनी बसवणं बंद केलं, दुकानात मीठ मिळेना. त्यांच्या कौलांवर दगड पडायला लागले, पेंढ्याची गंजी जळाली. हे तीन महिने चाललं होतं आणि या तीन महिन्यांत साईनाथने गावातला हरिनाम सप्ताह लिहिला, शाळेला मिळालेली कपाटं लिहिली. सासरचं गाव म्हणून शकू काही बोलली नाही. बोलली नाही हे खरं. पण त्याच्याही आधीचं एक होतं, आणि ते आठवलं की जीपमध्ये, दवाखान्यात, कुठेही असली तरी तिची मान आपोआप खाली जायची. डिसेंबरात ती लसीकरणाला त्या अंगणवाडीत गेली होती. रत्नप्रभाने ताटलीत गरम खिचडी आणून पुढे ठेवली. "शिस्टर, सकाळपासून फिरताय, दोन घास खा." शकूला भूक लागली होती. खिचडीचा वास चांगला होता. आणि तरीही तिच्या तोंडून, विचार करायच्या आत, निघालं, "आज उपास हाय माझा." तिच्या माहेरी, सासरी, कुठेही कुणी तिला हे वाक्य शिकवलं नव्हतं, ते आतच होतं, तयार. रत्नप्रभाने ताटली उचलली. चेहऱ्यावर काही नाही. आत गेली आणि एक केळं घेऊन आली, अख्खं, सालासकट. ते तिने शकूच्या हातात दिलं नाही, टेबलावर रजिस्टरच्या बाजूला ठेवलं. शकूने ते सोलून खाल्लं.

दवाखान्यात गेल्यावर ती दिवसभर हात धुवत राहिली. परवाचं सगळं भिंतींना चिकटून होतं असं तिला वाटत होतं. गोजाबाई दळणाचं गाठोडं डोक्यावर घेऊन पलीकडच्या गावच्या गिरणीवर गेली होती. आपल्या गावात दळून देत नाहीत तर चालत जाऊ, एवढाच तिचा गुन्हा. परत येताना बांधावर तिला अडवलं, गाठोडं सांडलं, महादू धावत आला, आणि मग कोयता. तो महादूच्या मानेवर येत होता. म्हातारीने हात वर केला. दवाखान्यात ती स्टुलावर बसली होती आणि तिच्या केसांत, भुवयांवर, रक्त लागलेल्या लुगड्यावर तांदळाचं पीठ होतं, आणि रक्ताने त्याचे गोळे झाले होते. शकूने ते कापसाने पुसलं. आवारात रघू उभा होता, साईनाथचा चुलत भाऊ, पांढरा शर्ट, सोबत बांधावर तिला अडवणारे आठदहा जण. तो डॉक्टरांना बाजूला घेऊन बोलत होता. शकूने एवढंच ऐकलं, "पुढं पाठवू नका साहेब, नायतर केस मोठी व्हते. गावातलं गावात मिटवू." डॉक्टर नवे होते, तरुण, घाबरलेले. त्यांनी वरची कातडी शिवली. आतली तुटलेली शीर जोडायला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पाठवायला पाहिजे होतं आणि ते त्याच दोन दिवसांत. शकूला हे माहीत होतं. तिने डॉक्टरांकडे बघितलं. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. तिने पट्टी बांधली. पट्टी तिने फार सुंदर बांधली, सगळे म्हणायचे शिस्टरच्या हाताला वळण आहे. त्याच पट्टीवरून आता छापून आलं होतं, उपचार करून घरी सोडण्यात आले.

दुसऱ्या दिवशी गोजाबाई ड्रेसिंगला आली तेव्हा रत्नप्रभा बरोबर होती. तिच्या पिशवीत घडी घातलेला पेपर होता. गोजाबाईने डावा हात पुढे करून तो कागद मागितला आणि शकूपुढे धरला. "बाय, हे किरकोल म्हंजे कवडं?" तिने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होती. "सून म्हनते, लहान. मंग मोठं कवडं असतं?" शकू कात्रीने जुनी पट्टी कापत होती. पट्टीखालून गोडसर, कुजका वास आला. नऊ वर्षांत तिला असल्या वासाचं काही वाटलं नव्हतं. आज तिने मान वळवली, पण ते जखमेमुळे नव्हतं. "बोटं मिटा, आजी," ती म्हणाली. गोजाबाईने मनगटाकडे बघितलं, खांद्यापासून जोर केला. अंगठा थोडा हलला. चार बोटं तशीच उघडी. "नाय मिटत गो." रत्नप्रभा शकूकडे बघत होती. "शिस्टर, तुमच्या घरचाच ना पेपर?" ती म्हणाली. शकूने नवी पट्टी बांधली. त्या दोघी गेल्यावर तिने ड्रेसिंगचं रजिस्टर उघडलं. आजवर ती तिथे फक्त नाव आणि 'ड्रेसिंग केले' एवढंच लिहायची. त्या दिवशी तिने लिहिलं: जखम साडेचार इंच, खोल, पू आहे, चार बोटे मिटत नाहीत. तारीख घातली, सही केली. पुढच्या वेळीही तसंच लिहिलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारणारही नव्हतं.

आठवड्याने मुंबईहून एका मोठ्या पेपरची गाडी आली. शकू त्या दिवशी लसी घेऊन बुद्धवाडीत होती, म्हणून तिने ते डोळ्यांनी पाहिलं. बातमीदार तरुण होता, कळवळ्याने बोलत होता, आणि त्याचा कळवळा खोटाही नव्हता. पण गोजाबाईचं रक्ताचं लुगडं धुऊन वाळत घातलेलं बघून त्याचा चेहरा पडला. "दुसरं काही नाही का, न धुतलेलं?" त्याने विचारलं. फोटोवाल्याने पट्टी सोडायला सांगितली. म्हातारीने शकूकडे बघितलं. शकू म्हणाली, "सोडू नका, जंतू जातील." त्याने हात जोडले, "सिस्टर, दोन मिनिटं. जगाला कळायला पाहिजे." पट्टी सुटली. पोरं भोवती गोळा झाली, माश्या आल्या. त्याने अंगणवाडीचं काही विचारलं नाही, गिरणीचं विचारलं नाही, तीन महिने मीठ कुठून आणलं ते विचारलं नाही. दोन दिवसांनी त्या पेपरात मोठ्या अक्षरात आलं, दलित वृद्धेचा हात तोडला. आणि मग जे झालं ते शकूला त्या कोयत्याइतकंच घाण वाटलं. जांभूळशेतची माणसं तो पेपर हातात घेऊन दवाखान्यात यायला लागली. "हात तोडला म्हनतात, दाखवा की कुठं तुटलाय." तहसील कचेरीतून माणूस आला, दाखवा. कुठल्याशा पक्षाचा पुढारी आला, दाखवा. गोजाबाई प्रत्येकाला हात दाखवायची. कुणी बघून च्यक च्यक करायचा, कुणी बघून हसायचा, आणि दोन्ही आवाज एकाच ओल्या तोंडातून निघाल्यासारखे शकूला ऐकू यायचे.

त्या रविवारी रघू घरी आला. बरोबर नवं तांदळाचं पोतं. दर वर्षी येतं तसंच. साईनाथच्या वाटणीची जमीन रघूच कसत होता. नम्रता "काका, काका" करत त्याच्या मांडीवर बसली. शकूने चहा ठेवला आणि पाण्याला उकळी येताना बघत उभी राहिली. बाहेर रघू म्हणत होता, "मुंबईवाल्यांनी आपलंच काम केलं रे. खोटं छापलं ते बरं झालं. आता तू फोटो टाक. हात हाय का नाय, लोकं बघतील." साईनाथ म्हणाला, "बरोबर हाय. खंडन म्हणून जाईल. पहिल्या पानावर घेतील." मग आत येऊन तिला हळूच, अगदी गोडीने, "ती पुन्हा ड्रेसिंगला कवा येते गो?" शकूने चहा गाळला. "येते कवातरी." "तारीख सांग ना. मी काय तिचं वाईट लिहिणार हाय? हात शाबूत हाय एवढंच. खरंच हाय ना ते?" ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या बोटांवर कार्बनची शाई होती, नेहमी असायची, आणि त्याच बोटांनी तो नम्रताला घास भरवायचा, रात्री शकूच्या पाठीवरून हात फिरवायचा. "बोटं मिटत नाय तिची," ती म्हणाली. "ते फोटोत कसं दिसणार?" तो म्हणाला. त्याने ते चेष्टेने म्हटलं नाही. धंद्यातली अडचण सांगावी तसं म्हटलं. त्या संध्याकाळी नव्या तांदळाचा भात झाला, सुकटीचं कालवण झालं. रघू बोटं चाटून जेवला. शकूने ताट वाढून घेतलं आणि तशीच बसून राहिली. "वहिनी, जेवा की," रघू म्हणाला. या वेळी तिने उपासाचं नाव सांगितलं नाही. "जात नाय मला," ती म्हणाली. 

तारीख त्याला दवाखान्यातल्याच कुणीतरी सांगितली असावी. बुधवारी ती ड्रेसिंग करत असताना साईनाथ कॅमेरा गळ्यात घालून दारात उभा राहिला, मागे रघूची दोन माणसं. शकू उठली आणि दारात आडवी उभी राहिली. व्हरांड्यात तापाची, खोकल्याची माणसं बसली होती, ती सगळी बघायला लागली. "आत येऊ नका. पेशंट हाय." "शके, तमाशा करू नको," तो दबक्या आवाजात म्हणाला. "दोन मिनिटं." मुंबईवाल्यानेही दोनच मिनिटं मागितली होती. मागून गोजाबाईचा आवाज आला. "येऊं दे बाय त्याला. आमच्याच गावचा पोऱ्या तो. लहानपनी आमच्या वाड्यात बोरं खायाला यायचा." साईनाथ आत आला. त्याने तिच्याकडे बघितलं नाही, हाताकडे बघितलं. "आजी, हात वर कर. असा. समोर." गोजाबाईने हात वर केला, पंजा उघडा. "काढ," ती म्हणाली. "पन साईनाथा, बोटं मिटत नाय, ती बी काढ." त्याने एकदा, दोनदा, तीनदा कळ दाबली. प्रकाश फुटला तेव्हा म्हातारीने डोळे मिटले. त्याने तिला एकही प्रश्न विचारला नाही. कसं झालं, कुणी मारलं, दुखतं का, काहीच नाही. इतक्या दिवसांत, शकूला तेव्हा लक्षात आलं, त्याने या माणसांपैकी कुणालाच एकदाही काही विचारलं नव्हतं. जे विचारलं ते तिला, आणि जे लिहिलं ते रघूचं.

फोटो पहिल्या पानावर आला. उघडा पंजा, स्वच्छ, सरळ, पाच बोटं. खाली 'हात शाबूत आहे'. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. जीपमध्ये कुणीतरी म्हणालं, "म्हातारी निवडनुकीला उभी ऱ्हाते का काय," आणि सगळी जीप हसली, शकूच्या शेजारची शाळामास्तरीणसुद्धा हसली आणि मग तोंडावर पदर धरला. त्या दिवशी संध्याकाळी नम्रताने वहीत डिंकाने तो फोटो चिकटवला, बाबांच्या बातम्यांच्या वहीत. बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "आई, ही आजी आशीर्वाद देते काय गो?" शकू मोरीत गेली, आणि पोटात काही नव्हतं तरी ओकली.

मग पोलीस उपअधीक्षक जबाब घ्यायला आले, कारण मुंबईच्या पेपरामुळे वरून विचारणा झाली होती. डॉक्टरांनी दाखल्यात साधी दुखापत लिहिली होती. आदल्या संध्याकाळी साईनाथ तिच्याजवळ बसला, नम्रता बाहेर खेळत होती. तो रागावला नाही. "तू नर्स हायस. पट्टी बांधलीस. तेवढंच सांग. जे डॉक्टरांनी लिहिलंय त्याच्या पुढं जाऊ नको. रघू आत गेला तर गावात आपल्याला पाय ठेवता येणार नाय. माझं नाव जाईल ते वेगळंच." "तुमचं नाव कुठं असतं?" ती म्हणाली. "वार्ताहर, एवढंच असतं." त्याला ते लागलं, तिने बघितलं, आणि तिला त्याची दया आली, आणि त्या दयेचाही तिटकारा आला, कारण ती दया खाली बसून मऊ होऊ लागली असती तर उद्या ती गप्प बसली असती. सकाळी तिने रजिस्टर उचललं आणि साहेबांपुढे ठेवलं. अकरा ड्रेसिंग, अकरा नोंदी. मग आवारात रघू काय म्हणाला ते सांगितलं. मग म्हणाली, "आणि मी बी सांगायला पाहिजे होतं, पुढं पाठवा म्हणून. मी सांगितलं नाय. ते बी लिहा." साहेबांनी मान वर करून बघितलं. "ते कशाला, सिस्टर?" "लिहा," ती म्हणाली. त्यांनी लिहिलं नाही.

रघूला अटक झाली, तेरा दिवसांनी तो जामिनावर सुटला. लावणीला बुद्धवाडीची माणसं मिळेनात तेव्हा गिरणी पुन्हा सगळ्यांसाठी सुरू झाली, कुणी काही जाहीर न करता. रत्नप्रभाच्या अंगणवाडीत हळूहळू पोरं यायला लागली. काही घरून डबा आणायची. शकूची बदली शहापूर तालुक्यात झाली. तिने ती मागितली होती की लादली होती हे लोक वेगवेगळं सांगायचे. तिने वाशिंदला खोली घेतली आणि नम्रताला घेऊन गेली. साईनाथने अडवलं नाही. सुरुवातीला महिन्यातून दोनदा यायचा, शहापूरची एसटी धरून, मग एकदा. भांडण कधीच झालं नाही. तो मुलीचा अभ्यास घ्यायचा, तिच्यासाठी करवंदं, जांभळं आणायचा. शकू त्याला जेवायला वाढायची आणि त्याचं ताट उचलताना उष्ट्याला हात लागू नये म्हणून कडेने धरायची. हे तिला स्वतःलाच फार उशिरा कळलं. अंगणवाडीत तिच्या तोंडून निघालेलं ते वाक्य आणि हे कडेने ताट धरणं, दोन्ही तिच्याच हातापायांत कुठून आलं, याचा ती कधी कधी स्टेशनवरून घरी चालत येताना विचार करायची, आणि विचार नकोसा होऊन पाय उचलायची.

खटला पाच वर्षांनी, दोन हजार चार साली, कल्याणच्या कोर्टात उभा राहिला. शकूला साक्षीला बोलावलं. आरोपींच्या वकिलाने पिशवीतून कात्रण काढलं. "हे तुमच्या यजमानांनी लिहिलंय?" "हो." "किरकोळ जखमी, असं लिहिलंय. आणि हा फोटो, हात शाबूत. तुम्ही म्हणता बोटं निकामी. एकाच घरातली दोन माणसं. मग खोटं कोण बोलतंय?" कोर्टात पंखा फिरत होता. मागच्या बाकावर पत्रकारांच्या जागेत साईनाथ बसला होता, मांडीवर वही; तो या खटल्याची बातमी करायला आला होता. केस पांढरे झाले होते. शकूने त्याच्याकडे बघितलं नाही, पण त्याचा श्वास आपल्याला इथवर ऐकू येतोय असं तिला वाटलं. "ते," ती म्हणाली. "ते म्हणजे कोण? बातमी?" "बातमी आणि यजमान. आणि फोटो खरा आहे. फोटोत हात उघडा आहे, कारण तो मिटतच नाही." वकील हसला. न्यायाधीश लिहून घेत होते. गोजाबाईला उभं केलं तेव्हा त्या वकिलाने तिला मूठ मिटायला सांगितली, आणि ती जोर करत राहिली, पाच वर्षांपूर्वी जसा करायची तसाच खांद्यापासून, घाम येईपर्यंत, जणू आज तरी मिटेल. "मुद्दामच मिटवत नाहीये," वकील म्हणाला. न्यायाधीशांनी त्याला खाली बसायला सांगितलं. पुढे काही महिन्यांनी निकाल लागला. रघूला आणि आणखी एकाला वर्षाची शिक्षा झाली, बाकी सुटले, अपील झालं. पण त्या दिवशी यातलं काही ठाऊक नव्हतं.

बाहेर चहाच्या टपरीपाशी साईनाथ तिच्याजवळ आला. "आज लिहितो," तो म्हणाला. "सगळं. पयल्यापासून. माझं काय चुकलं ते बी." त्याने बाहीने डोळे पुसले. "तू फक्त एकदा बस माझ्यासोबत. तारखा, टाके, रजिस्टर, तुला सगळं पाठ हाय." शकूच्या मनात पहिल्यांदा आलं ते, हा रडतोय. मग आलं, हा आजही मलाच विचारतोय. "मला नका विचारू," ती म्हणाली. "त्या तिथं उभ्या हायेत. त्यांना विचारा." रस्त्याच्या पलीकडे मुरबाड गाडीच्या थांब्यावर गोजाबाई आणि रत्नप्रभा उभ्या होत्या. महादू रसवंतीपाशी पाणी मागत होता. "बोलतील माझ्याशी?" साईनाथने विचारलं. "ते मी कसं सांगू? जाऊन विचारा." तो तिथेच उभा राहिला, वही दोन्ही हातांत धरून. त्याच्या बुटाची एक नाडी सुटली होती.

शहापूरची गाडी लागली. शकू चढली आणि मुद्दाम पलीकडच्या बाजूला, जिथून तो थांबा दिसत नाही अशा खिडकीशी बसली. शेजारी एका बाईच्या मांडीवर मासळीची पाटी होती आणि तिचं पाणी शकूच्या पायावर ठिबकत होतं. तिने पाय हलवला नाही. कंडक्टर अजून खालीच होता. तिला बघायचं नव्हतं तो रस्ता ओलांडतो की नाही. नाही ओलांडला तर ती काय गमावणार होती, ओलांडला तर काय मिळणार होतं? त्या म्हातारीला हात मिळणार नव्हता. तरीही गाडीच्या घरघरीतून, रिक्षांच्या आवाजातून, ती कान देऊन बसली होती, कुणी त्याचं नाव घेतं का, गोजाबाई "साईनाथा" म्हणते का, ते ऐकायला. सगळं अंग त्या एका बाजूला ओढलं गेलं होतं. स्वतःच्या त्या ताणलेल्या मानेची, आत उठून बसलेल्या त्या चिवट, लाचार आशेची तिला इतकी शिसारी आली की तिने दोन्ही हातांनी समोरच्या सीटची दांडी घट्ट धरली आणि कंडक्टरने घंटा मारेपर्यंत सोडली नाही.